बालाघाटातून डब्लिनला

पुण्या-मुंबईच्या ऑफिसात कुणी 'मी बीडचा' असं म्हटलं, की समोरच्याच्या डोक्यात तीनच चित्रं उमटतात. दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण. बस्स. चौथं चित्रच नाही. गोवा म्हटलं की समुद्र, नाशिक म्हटलं की वाइन, कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा. बीड म्हटलं की कोरडी विहीर आणि टँकरची रांग. वीकेंडला बीडला चाललोय असं सांगून बघा. कलीग्ज विचारतील, 'कुणाचं लग्न आहे का?'

यात त्यांची तरी काय चूक म्हणा. गावं आपल्याला दिसतात ती कुणीतरी लिहिलेली दिसतात. ज्याने लिहिलं त्याच्या डोळ्यांनी आपण बघतो. बीडबद्दल लिहिणारे बहुतेक जण उन्हाळ्यात येतात, दोन दिवस राहतात, तडकलेल्या जमिनीचा फोटो काढतात आणि निघतात. मग आपल्याला बीड म्हणजे कायम एप्रिलच वाटतो!

म्हणून या वेळी एक वेगळा गाइड घेऊन निघू या. हा माणूस जाऊन दीडशे वर्षं झाली. जन्म लिव्हरपूलचा, म्हातारपण डब्लिनचं, आणि मधली छत्तीसएक वर्षं दख्खनच्या पठारावरची. धंद्याने फौजी, मग पोलीस, मग कलेक्टर. साइड बिझनेस म्हणाल तर लंडनच्या 'द टाइम्स'चा बातमीदार आणि आपल्या काळातला बेस्टसेलर लेखक. नाव फिलिप मेडोज टेलर.

ऑफर लेटर आणि पोपट

टेलरची सुरुवात वाचली की कुठल्याही फ्रेशरला भाऊ भेटल्यासारखं वाटेल. २५ सप्टेंबर १८०८ चा त्याचा जन्म. पंधराव्या वर्षी घरच्यांनी त्याला बोटीत बसवलं आणि मुंबईला पाठवलं. मुंबईत बॅक्स्टर नावाचा एक व्यापारी होता. त्याच्या पेढीवर काम करायचं, नंतर भागीदारी मिळेल, असं ठरलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर फॉरेन पोस्टिंग, शिवाय स्टॉक ऑप्शन्स.

१८२४ मध्ये मुंबईत उतरल्यावर कळलं की पेढीच डबघाईला आलीय. कसली भागीदारी आणि कसलं काय. घर सहा महिन्यांच्या अंतरावर, खिशात काही नाही, वय सोळाच्या आत. मुंबई सरकारात न्यूनहॅम नावाचे एक नातेवाईक मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी खटपट करून पोराला हैदराबादच्या निजामाच्या फौजेत चिकटवलं. नोव्हेंबर १८२४ मध्ये टेलर लेफ्टनंट म्हणून रुजू झाला आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला पोचला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कंपनी सरकारची खरी मलईदार नोकरी वेगळी होती. तिच्यासाठी विलायतेत वशिला लागायचा, खास कॉलेजात शिकावं लागायचं. निजामाची नोकरी म्हणजे सेकंड ग्रेड. पगार कमी, बढती मुश्कील, पार्टीत कुणी विचारत नाही. टेलर आयुष्यभर या दुसऱ्या रांगेतच राहिला. पण रिकामा बसला नाही. फारसी शिकला, हिंदुस्थानी शिकला, मराठी शिकला. पुढे जमीनमोजणी, कायदा, इंजिनीअरिंग, भूगर्भशास्त्र हे सगळं स्वतःच्या स्वतः. शाळा पंधराव्या वर्षी सुटली, ती परत कधी भेटलीच नाही.

ठग इंग्रजीत कसा गेला

तरुण वयातच टेलरला पोलिसाचं काम मिळालं. निजामाच्या राज्याचा नैर्ऋत्य कोपरा, म्हणजे तुळजापूरच्या बाजूचा मुलुख, त्याच्याकडे आला. दरोडेखोर पकडायचे, वाटा सुरक्षित ठेवायच्या. १८२९ च्या सुमारास वाटसरूंच्या गूढ खुनांची प्रकरणं त्याच्यासमोर यायला लागली. त्याने धागा पकडला, आणि नेमकं तेव्हाच त्याला परत पलटणीत बोलावून घेतलं. पुढे ठगांचा बंदोबस्त करण्याचं सगळं श्रेय उत्तरेतल्या कॅप्टन स्लीमनला मिळालं. प्रोजेक्ट आपण सुरू करावा आणि प्रेझेंटेशन दुसऱ्याने द्यावं, तसलाच प्रकार. टेलरला ही खंत शेवटपर्यंत राहिली.

पण त्याने तिचं सोनं केलं. मधल्या काळात त्याचं लग्न झालं होतं, तेही बघण्यासारखं. बायको मेरी पामर ही हैदराबादचा नामांकित सावकार विल्यम पामर याची मुलगी, आणि या पामरची आई हिंदुस्थानी मुसलमान घराण्यातली. म्हणजे टेलरच्या घरातच दोन जगं नांदत होती. १८३७ मध्ये तो रजेवर विलायतेला गेला आणि १८३९ मध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी आली. अमीर अली नावाचा ठग आपल्या आयुष्याची कहाणी एका साहेबाला सांगतोय, साहेब ऐकतोय, एवढाच मामला. लंडन वेडं झालं. नुकतीच गादीवर आलेली व्हिक्टोरिया राणी छापून व्हायच्या आत प्रुफं मागवून वाचायची, असं सांगतात. 'ठग' हा आपला साधासुधा शब्द इंग्रजीत पक्का बसला त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा. आज हॉलिवूडच्या सिनेमात कुठलाही गुंड 'ठग' असतो, तेव्हा त्याच्या मुळाशी दख्खनच्या अशाच वाटा असतात.

आता जरा थांबा. कारण इथेच गोम आहे.

आजचे इतिहासकार विचारतात, की कंपनी सरकारच्या कागदांत दिसणारी ठगी, म्हणजे देशभर पसरलेला, देवीच्या नावाने गळे आवळणारा एकच एक संघटित पंथ, खरोखर तसाच होता का? वाटमारी होती, खून होते, गळ्याला रुमाल आवळून मारणारे होते. पण भूक, दुष्काळ, नोकरी गेलेले शिपाई या सगळ्यावर 'ठग' असा एकच शिक्का मारला की राज्य करणं सोपं जातं. माफीच्या साक्षीदारांनी काय सांगितलं आणि साहेबांना काय ऐकायचं होतं, यातली रेघ धूसर आहे. म्हणजे आपला हा गाइड जितका इंटरेस्टिंग, तितकाच जपून ऐकण्यासारखा. त्याच्या हातात लेखणीही होती आणि छडीही.

कलेक्टर दिवसा, बातमीदार रात्री

१८४० मध्ये टेलर परत आला आणि त्याला दुसरी नोकरी मिळाली, 'द टाइम्स'च्या बातमीदाराची. हेन्री रीव्ह हा त्याचा नात्यातला भाऊ त्या पेपरात वजनदार होता. पुढची तेरा वर्षं, १८५३ पर्यंत, टेलर दख्खनमधून लंडनला पत्रं पाठवत राहिला. तार नव्हती. पत्र टपालाने मुंबईला, तिथून आगबोटीने सुएझपर्यंत, मग जमिनीवरून इजिप्त ओलांडून पुन्हा बोटीने. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या टिक्स आल्या नाहीत तर अस्वस्थ होतो. त्याची बातमी छापून यायची तोवर इथे पाऊस सुरू होऊन संपायच्या बेतात असायचा.

या काळात तो सुरपूरला होता. इंग्रजीत शोरापूर. आज कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात आहे. तिथला राजा व्यंकटप्पा नायक हा लहान मुलगा होता आणि त्याचा कारभार बघायला टेलरला नेमलं होतं. ते पोर त्याला 'अप्पा' म्हणायचं. टेलरने तळी बांधली, हिशोब लावले, राजाला शिकवलं. पुढे १८५८ मध्ये हाच राजा इंग्रजांविरुद्ध उठला, पकडला गेला, आणि कैदेच्या जागी नेत असताना वाटेत गोळी लागून गेला. चुकून सुटली की त्याने स्वतः झाडून घेतली, कोण सांगणार. ज्याला अप्पा म्हणायचं तोच आपल्याला पकडणाऱ्यांच्या बाजूचा. टेलरने आत्मचरित्रात हे सगळं लिहून ठेवलंय. त्या पानांवर कलेक्टर मागे पडतो आणि बाप पुढे येतो.

आता बॅग भरा: नळदुर्ग ते बीड

१८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून कर्जाच्या बदल्यात काही मुलुख घेतला. त्यात वऱ्हाड होतं, रायचूरचा दोआब होता आणि नळदुर्ग-धाराशिवचा जिल्हाही होता. हा जिल्हा टेलरकडे आला. बीड मात्र निजामाकडेच राहिलं, थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. म्हणजे बालाघाटाच्या या डोंगररांगेत एक अदृश्य रेघ होती. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे निजामाचा. गुरं, वाटसरू, दिंड्या आणि पाऊस मात्र दोन्हीकडून येत-जात होते. १८६० मध्ये धाराशिवचा भागही निजामाला परत मिळाला आणि रेघ पुसली गेली. गंमत म्हणजे उस्मानाबादचं २०२३ मध्ये अधिकृतपणे झालेलं 'धाराशिव' हे नाव टेलरच्या काळातल्या इंग्रजी कागदांतही होतंच, 'धाराशिव'चं वेडंवाकडं स्पेलिंग करून.

१८५७ मध्ये उत्तरेत भडका उडाला तेव्हा हैदराबादहून टेलरला हुकूम आला: ताबडतोब वऱ्हाडात जा, मुलुख सांभाळ, फौज मात्र देता येणार नाही. तो बुलढाण्याला गेला आणि खरंच जवळजवळ फौजेशिवाय त्याने तो भाग शांत ठेवला. जनरल व्हिटलॉकच्या सैन्यासाठी बैल आणि गाड्या जमवून देण्याचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. नकाशा काढून बघा. नळदुर्ग आणि बुलढाणा यांच्यात सरळ रेघ ओढली तर ती केज आणि अंबाजोगाई यांच्या मधून जाते. बीड जिल्ह्याच्या बरोबर पोटातून.

म्हणून आपली ट्रिपही याच रेघेच्या आजूबाजूची.

सुरुवात नळदुर्गपासून करा. सोलापूर-हैदराबाद हायवेवरचा हा किल्ला एरवी लोक काचेतून बघत पुढे जातात. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटातच महाल काढलाय, पाणीमहाल. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे काम. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून दोन धारा कोसळतात, नर आणि मादी. तुम्ही महालात उभे, डोक्यावरून आणि समोरून पाणी, आणि अंगावर थेंबही नाही. सॉलिड!

तिथून तुळजापूर जवळच. भवानीचं दर्शन घ्या. याच गावाभोवती टेलरने 'तारा' ही कादंबरी रचली. काळ १६५७ चा, शिवाजी महाराज आणि अफझलखानाचा. नायिका देवळातल्या पुजाऱ्याची मुलगी. विलायतेला परतल्यावर, १८६३ मध्ये ती छापून आली. तिच्यापुढे १७५७ ची आणि १८५७ ची अशा आणखी दोन कादंबऱ्या लिहून त्याने शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने तीन गोष्टी पुऱ्या केल्या. आपल्याकडे मराठीत कादंबरी नुकती उभी राहू लागली होती, त्याच सुमाराची ही गोष्ट.

मग सोलापूर-धुळे हायवेने उत्तरेला. धाराशिव मागे पडलं की घाट, मग बीड जिल्हा. मांजरसुंब्याला चहा घ्या. तिथून उजवीकडे केजमार्गे अंबाजोगाई, सरळ गेलात तर बीड.

बीड, एप्रिल सोडून

बीड शहरात पहिल्यांदा कंकालेश्वर बघा. चौकोनी तळ्याच्या मधोमध काळ्या दगडाचं जुनं देऊळ. पाणी भरलेलं असेल तर देऊळ तरंगतंय असंच वाटतं. टेकडीवरची खंडेश्वरी आणि तिथल्या उंच दीपमाळा चुकवू नका.

पण ज्याच्यासाठी बीडला जावं ती जागा शहराबाहेर आहे. खजाना बावडी. १५८२ च्या सुमाराला, निजामशाहीत, सलाबतखानाच्या कारकिर्दीत ही विहीर बांधली. वरून बघितली तर गोल, रुंद, फार खोलही नाही. 'यात काय विशेष' असं म्हणून निघून जाल. विशेष आहे ते जमिनीखाली. दगडी बोगद्यातून पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या बोगद्यातून उताराने खालच्या शेतांकडे जातं. पंप नाही, मोट नाही, वीज नाही. आजूबाजूच्या बोअर कोरड्या पडतात तेव्हाही हिच्यात पाणी असतं, असा गावाचा अनुभव. दुष्काळाचं गाव म्हणून ज्याची जगभर ओळख, त्या गावाकडे पाण्याचं इतकं शहाणपण साडेचारशे वर्षांपूर्वी होतं. हा फोटो कुणी पेपरात छापत नाही. कारण त्यात काही तडकलेलं नाही.

शहरातच मन्सूर शाह यांचा दर्गा आहे. पानिपतनंतर दिल्लीत मराठ्यांचा दरारा पुन्हा बसवणारे महादजी शिंदे या अवलियाचे भक्त होते. मराठा सरदार, मुसलमान गुरू आणि गाव बीड. टेलरला हे कॉम्बिनेशन फार आवडलं असतं. त्याच्या कादंबऱ्या अशाच माणसांनी भरलेल्या आहेत.

मग अंबाजोगाई. निजामाच्या काळात हिचं नाव मोमिनाबाद, आणि इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. ज्या निजामाच्या फौजेत टेलर सोळाव्या वर्षी शिरला, तिचीच ही पुढची आवृत्ती. योगेश्वरी म्हणजे कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. कोकणातली माणसं इतक्या लांब मराठवाड्यात कुलदेवता का ठेवून आहेत, यावर लग्नाच्या मांडवात तासभर चर्चा होऊ शकते. गावाजवळ हत्तीखाना म्हणून कोरीव लेणी आहेत, मंडपात दगडी हत्ती उभे. आणि डोंगराच्या कुशीत मुकुंदराजांची समाधी. परंपरेप्रमाणे 'विवेकसिंधू' शके १११० मधलं, म्हणजे इसवी सन ११८८ चं. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. दासोपंतही इथलेच. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी चक्क लांबलचक कापडावर लिहिलं. ती त्यांची 'पासोडी'.

म्हणजे बघा, बीडबद्दल लिहायला बाहेरून कुणी यायची वाट हा जिल्हा कधी बघत नव्हता. इथली माणसं आठशे वर्षं लिहीतच आहेत. प्रश्न इतकाच, की वाचतंय कोण?

डब्लिनमधले दगड

टेलरची मला सर्वात आवडणारी गोष्ट दगडांची आहे. सुरपूर भागात माळरानावर त्याला मोठमोठ्या शिळा उभ्या केलेल्या दिसल्या. वर्तुळात मांडलेले दगड, खाली पुरलेली माणसं, शेजारी मातीची भांडी आणि लोखंडाची हत्यारं. त्याने ते खणले, मोजले, चित्रं काढली. १८६० मध्ये तब्येत ढासळल्यावर तो निवृत्त झाला आणि पुढे डब्लिनच्या हॅरॉल्ड्स क्रॉस भागात राहिला. तिथे तो रॉयल आयरिश अकॅडमीचा सभासद झाला आणि त्या विद्वानांपुढे त्याने हे दख्खनचे दगड मांडले. आयर्लंडच्या माळावरही असेच दगड आहेत ना, मग दोन्हीकडची माणसं एकच असतील का, असा त्याचा सवाल.

उत्तर चुकलं. आज पुरातत्त्वशास्त्र सांगतं की दख्खनची ही थडगी इथल्याच लोहयुगातल्या माणसांची, आयर्लंडशी त्यांचा संबंध नाही. पण सवाल विचारावासा वाटला हे महत्त्वाचं. डब्लिनच्या थंडीत बसून त्याला आयर्लंडच्या दगडांत दख्खन दिसत होतं. परदेशात राहून आलेल्या कुणालाही हे कळेल. आपण एका गावात असतो आणि डोळे दुसऱ्या गावाचे असतात.

१८७५ मध्ये सालारजंगांच्या बोलावण्यावरून तो पुन्हा हैदराबादला आला. डोळे जवळजवळ गेलेले, अंगात ताप. परत जाताना फ्रान्समधल्या मेंतोंला १३ मे १८७६ ला तो गेला. घर ना इकडे, ना तिकडे. मुलीने त्याचं आत्मचरित्र नीट लावून पुढच्या वर्षी छापलं.

जाणारे आणि येणारे

टेलर पंधराव्या वर्षी घर सोडून दुसऱ्यांच्या गावात पोट भरायला आला. बीड जिल्हा हे दर वर्षी करतो. दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, संसार ट्रकमध्ये किंवा बैलगाडीत, आणि मुक्काम सांगली, सातारा, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या कुठल्यातरी उसाच्या फडावर. पाचटाची कोपी हे सहा महिन्यांचं घर. पहाटे तोड, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. पोरं सोबत आली तर शाळा बुडते, मागे राहिली तर आजी-आजोबांच्या गळ्यात. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, सरकारने समिती नेमली, कॅमेरे आले. मग कॅमेरे गेले. कोयता अजून जातोच आहे.

याच घरांतली पुढची पिढी आता तुमच्या-आमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये आहे. हिंजवडीत, मगरपट्ट्यात, पवईत. कुणी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजातून निघालेली डॉक्टर, कुणी इंजिनीअर. आणि काही जण थेट डब्लिनला! हो, त्याच डब्लिनला. हॅरॉल्ड्स क्रॉसपासून काही किलोमीटरवर, नदीकाठच्या काचेच्या इमारतींत मोठमोठ्या टेक कंपन्या आहेत आणि तिथे मराठी कानावर पडणं आता नवलाचं नाही. दोनशे वर्षांत चक्र पुरं फिरलंय. तेव्हा तिकडचं पोर ऑफर लेटर घेऊन इकडे आलं, आता इकडचं तिकडे जातं.

फरक एकच. टेलरने जिथे राहिला तिथलं लिहिलं. त्यात चुका होत्या, साहेबी अहंकार होता, ज्यांच्याकडून सारा वसूल करायचा त्यांचीच बातमी करण्याचा घोळ होता. पण तो छत्तीस वर्षं राहिला, भाषा शिकला, माणसांची नावं लक्षात ठेवली. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या मुलीला नायिका करावंसं त्याला वाटलं. आपण आपल्याच राज्यातल्या बीडला किती दिवस देतो? आणि बीडहून निघालेली मंडळी आपलं गाव कुठे लिहितात? इन्स्टावर डब्लिनच्या पबचा फोटो येतो, खजाना बावडीचा येत नाही. दोन्ही टाका की राव!

कारण गावाची गोष्ट गावातून निघालेल्या माणसाने नाही सांगितली, तर दुसरं कुणीतरी सांगणारच. आणि ते बहुधा एप्रिलमध्ये येईल.

कसं जाल, काय खाल

रस्ता: पुण्याहून अहिल्यानगरमार्गे बीड साधारण २४० किलोमीटर. नळदुर्ग-तुळजापूर आधी करायचं असेल तर सोलापूरवरून जा. एसटी भरपूर आहेत. कित्येक दशकं रखडलेली रेल्वेही अखेर आली. १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली.

कधी: ऑगस्ट ते डिसेंबर. पावसाळ्यात पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा आणि बालाघाटाचा हिरवा रंग बघून घ्या. उन्हाळ्यात जायचं तर दुपार सावलीत काढायची तयारी ठेवा.

खायचं: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दह्याबरोबर धपाटे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. रस्त्याकडेला टोपलीतून घ्या, घासाघीस करू नका.

वेळ: दोन दिवस पुरतात. एक दिवस बीड आणि कपिलधार, दुसरा अंबाजोगाई आणि परळीचा वैजनाथ. तिसरा दिवस काढलात तर तो कुणाच्या तरी ओसरीवर बसून काढा. टेलरने तेच जास्त केलं होतं.